एक काना

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो
आपल्यासारख्यांसाठी.
एरवी तिथे फौज असते, पाटी असते,
पाटीवर मनाई.
आज सव्वीस जानेवारी. थंडी अशी
की रांगेतल्या माणसांचं बोलणं
ऐकू यायच्या आधी दिसतं.

बाबांनी टोपीवर मफलर गुंडाळलाय,
कोटाच्या खिशात दोन संत्री.
दाराशी जवान म्हणतो, आयडी.
मतदार कार्डावर दिगंबर झिबलाजी धकाते यांचं
दिगबंर झालंय, त्याला सतरा वर्षं झाली.
"अनुस्वार सरकला," बाबा जवानाला समजावतात,
"माणूस तोच हाय."
त्याला मराठी कळत नसावं. हसतो. जा म्हणतो.

चढावर मी हात पुढे करते, ते घेत नाहीत.
चौतीस वर्षं उभ्याने केलेली नोकरी आहे त्या पायांत.
सरकारी छापखाना, खिळे जुळवायचं काम.
निवडणूक आली की मतदार याद्यांचे गठ्ठे यायचे
आणि महिनाभर बाबा फक्त झोपलेले दिसायचे.
शिशाचं अक्षर उलटं असतं,
उलटंच वाचायचं, उलटंच लावायचं.
महालातले सावकार, धंतोलीचे डॉक्टर,
पाचपावलीचे विणकर, गंगाजमनातल्या बाया.
"सगळ्यांले एकच खिळा," ते सांगायचे,
"दहा पॉइंट. कोणाले जाड नाही, कोणाले बारीक नाही.
दुसरा साइज त्या कामाले भेटतच नव्हता."
शाळेत मी लोकशाहीची व्याख्या पाठ केली होती,
पाचपैकी चार गुण पडले.
ही व्याख्या मी कुठेच लिहिली नाही.

पार्बता आत्या एम्प्रेस मिलमध्ये रीळ भरायची.
यादीत ती 'गणपतची बायको' होती.
गणपत कलकत्त्याला गेला तो तिकडचाच झाला,
बायको मात्र त्याला दर पाच वर्षांनी
छापून मिळत राहिली.
"तूच लावतो ना रे खिळे? मग लाव ना माझं नाव."
"कागदावर येते तेच लावा लागते, बाई."
एका रात्रपाळीत त्यांनी लावून पाहिलं.
प, काना, ब, वर रफार, त, काना.
ओळीत नेमकं बसलं.
मग एकेक खिळा काढून आपापल्या घरात टाकला.
हे मला कळलं ते आत्या गेल्यावर.

तिने मात्र एक दिवस मिलचा खाडा केला,
तहसीलमध्ये जाऊन कारकुनाला म्हणाली, लिही.
त्याने विचारलं, कोणाची कोण?
म्हणाली, कोणाची नाही. पार्बता.

पुढच्या यादीत ते पान कोणाच्या वाट्याला आलं
हे विचारलं की बाबा
संत्रं सोलायला घेतात.
आताही सोलतायत.

वर तोफांपाशी पोरांची झुंबड,
खाली मेट्रो संथ सरकतेय,
कुठल्यातरी शाळेचा भोंगा आणि अर्धवट राष्ट्रगीत
वाऱ्यावर येतं, जातं.
आम्ही एका कापडी फलकाच्या मागे बसलोय, आडोशाला.
ऊन पलीकडून पडतं,
अक्षरं आमच्या बाजूने उलटी उमटतात.
मला ती नुसती नक्षी दिसते.
बाबा मान वर करून वाचतात
आणि फोड तोंडाशी तशीच राहते.

"काना खाल्ला."
कुठे?
"सत्तेचा. प्रजासत्तक करून ठेवलं."

मी उठून समोर जाते. खरंच.
सकाळपासून हजार माणसं तरी गेली असतील इथून,
काहींनी तर खाली उभं राहून फोटो काढलेत.
मी म्हणते, जाऊ द्या बाबा,
संध्याकाळी उतरवणारच आहेत.

"संध्याकाळ व्हायची हाय अजून."
गुडघ्यावर हात टेकून ते उठतात,
सालं माझ्या ओंजळीत देतात,
आतल्या खिशातून काळं मार्कर निघतं.
हे घरून निघताना कधी घेतलं, मला दिसलं नव्हतं.

मग हवालदाराकडे चालत जातात
आणि विचारतात,
साहेब, शिडी भेटन काय?